अंगणातील ससा

मराठी मुलांची सशाशी पहिली ओळख होते ती बहुधा गोष्टीतून. कासवाशी पैज लावून वाटेतच झोपी जाणारा ससा, उन्मत्त सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवून सर्व वनाला भयमुक्त करणारा पंचतंत्रातील चतुर ससा, लहानसा आवाज होताच आभाळ कोसळले असे समजून धावत सुटणारा भित्रा ससा, हे सारे आपल्या परिचयाचे आहेत. चंद्रावरील डागांतही आपल्या पूर्वजांना ससाच दिसला आणि म्हणून त्यांनी चंद्राला शशी, शशांक अशी नावे दिली; कारण संस्कृत भाषेत ‘शश’ म्हणजे ससा. परंतु कथेतील व चंद्रावरील हा ससा आणि आज कित्येक घरांच्या अंगणात पिंजऱ्यात दिसणारा पांढराशुभ्र, तांबड्या डोळ्यांचा ससा हे दोघे एक नव्हेत. त्यांच्यातील भेद नीट समजून घेतल्यावाचून सशाचे पालन करावयास निघणे म्हणजे पाहुण्याची भूक न विचारता त्याला जेवावयास वाढण्यासारखे आहे.

आपल्या कथांतील ससा हा रानससा होय. धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरउतारांवर, माळरानांवर आणि शेतांच्या बांधांवर तो आजही आढळतो. त्याचा रंग करडा-तपकिरी, पाय लांब व कान मोठे असतात. तो बीळ खणून राहत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून तो दिवसभर निश्चल बसतो आणि शत्रू अगदी जवळ आला म्हणजे वाऱ्याच्या वेगाने पळत सुटतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. माळावर असे एखादे पिलू एकटे दिसले, तर ते अनाथ आहे असे समजून पुष्कळ मुले ते घरी घेऊन येतात. ही दया नव्हे. कारण त्याची आई शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर येऊन त्याला दूध पाजते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे अथवा पाळणे हा गुन्हा आहे.

बाजारात मिळणारा पाळीव ससा हा मूळचा परदेशी प्राणी आहे. त्याचे रानटी पूर्वज युरोपातील स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांच्या भूमीत राहत असत, आणि तेथूनच माणसाने त्यांना जगभर नेले. हे पूर्वज जमिनीत खोल बिळे खणून कळपाने राहत. त्यांची पिले जन्मतः आंधळी व केसरहित असतात. कारण बिळाच्या उबेत आणि अंधारात ती सुरक्षित असतात. बीळ हेच त्या जातीचे घर, तोच तिचा किल्ला आणि तीच तिची छत्री. बाहेर कितीही ऊन पडले तरी जमिनीच्या पोटात गारवा राहतो. वरून घार आली अथवा समोरून कोल्हा आला, तरी एका उडीत आत शिरता येते. आपण सशाला पिंजऱ्यात घालून अंगणात ठेवितो, तेव्हा सर्वप्रथम त्याचे हे बीळ काढून घेत असतो. म्हणून सशाचा सांभाळ करणे म्हणजे बिळाने त्याला जे दिले असते ते सर्व, म्हणजे सावली, गारवा, आडोसा आणि निर्भयता, आपल्या हातांनी त्याला परत देणे होय. पुढील सर्व सूचनांचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

आपल्या जिल्ह्यात सशाचा सर्वांत मोठा शत्रू कोणी हिंस्र पशू नसून ऊन हा आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. सशाला घाम जवळजवळ येत नाही आणि कुत्र्याप्रमाणे धापा टाकून शरीर थंड करण्याची कलाही त्याला फारशी साधत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे त्याचे कान. कानांच्या पातळ त्वचेखालून रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. ह्या वाहिन्या उष्णतेने रुंदावतात, त्यांतून अधिक रक्त वाहते आणि त्यातील उष्णता हवेत निघून जाते. परंतु येथे एक अडचण आहे. उष्णता नेहमी अधिक तप्त वस्तूकडून कमी तप्त वस्तूकडे जाते. सशाच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश असते. बाहेरची हवाच ४१ अंश तापली, तर कानांतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी ती बाहेरून आत येऊ लागते आणि निसर्गाने दिलेले साधन निकामी होते. तिशीपुढे पारा गेला की सशाला त्रास होऊ लागतो, पस्तिशीपुढे त्याच्या जिवाला धोका असतो, आणि चाळिशीपलीकडे उघड्यावरच्या पिंजऱ्यातील ससा काही तासांतच दगावू शकतो.

ह्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने जगात ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी ह्याच उन्हात आनंदाने चरते, मग सशालाच एवढे जपावे का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ही शेळी पिढ्यान्‌पिढ्या ह्याच कोरड्या मुलखात वाढली आहे. शिवाय ऊन फार झाले तर ती आपल्या पायांनी बाभळीच्या सावलीला जाऊन उभी राहते. पिंजऱ्यातील सशाला जावयास जागाच नसते. सकाळी सावलीत ठेविलेला पिंजरा दुपारी उन्हात येतो, घरातील माणसे कामात गुंतलेली असतात, आणि तो मुका जीव आपल्या जागीच तापत राहतो. उन्हाळ्यात दगावणारे पुष्कळ ससे ह्या सावलीच्या सरकण्यामुळेच दगावतात. म्हणून पिंजऱ्याची जागा ठरविण्यापूर्वी एक दिवस काढून सकाळी, दुपारी आणि चार वाजता सावली कोठे पडते ते पाहावे. मावळतीचे ऊन सर्वांत घातक. तेव्हा पिंजऱ्याचे तोंड पश्चिमेस कधीही नसावे. कडुनिंबासारख्या दाट झाडाखालची अथवा घराच्या पूर्वेकडील भिंतीलगतची जागा उत्तम.

गारवा निर्माण करण्याची विद्या आपल्या घरोघरी आहे. संत गोरा कुंभारांचे तेर हे गाव ह्याच जिल्ह्यात आहे, आणि मातीच्या माठातील पाणी थंड का होते हे येथील मुलांना सांगावयास नको. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता शोषून घेते. मराठवाड्यातील उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे ही क्रिया येथे जोमाने घडते. पाण्याने भरलेले व तोंड बंद केलेले एखादे लहान मडके पिंजऱ्यात ठेविले, तर ससा त्याला अंग लावून पडतो. पिंजऱ्याच्या बाजूंवर ओले गोणपाट सोडावे. मात्र वारा खेळता राहील एवढी एक बाजू मोकळी असावी. जुना रांजण सावलीत आडवा करून अर्धा जमिनीत पुरला आणि त्यावर माती लोटली, तर सशाला बिळासारखीच गार गुहा मिळते. दुपारचे काही तास त्याला घरातच आणणे हे तर सर्वांत चांगले. पूर्वी जाड भिंतींची माळवदाची घरे दुपारीही थंड असत; १९९३ च्या भूकंपानंतर ह्या भागात हलक्या छपरांची व सिमेंटची घरे वाढली. पत्र्याच्या छपराखालील खोली पिंजऱ्याहूनही अधिक तापते, हे ध्यानात ठेवावे.

ससा अंग पसरून निपचित पडला, भराभर श्वास घेऊ लागला, त्याचे कान लालभडक व गरम झाले, तोंडातून लाळ गळू लागली, तर उन्हाचा तडाखा बसला असे समजावे. अशा वेळी त्याला तत्काळ गार जागी न्यावे, कान व पाय साध्या थंड पाण्याने भिजवावेत आणि वारा घालावा. बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवू नये. त्या धक्क्यानेच तो मरू शकतो. बळजबरीने तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. एवढे करून त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

आता घराची रचना पाहू. दोन सशांसाठी सुमारे ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच असे लाकडी घर असावे. त्याचा एक भाग चारी बाजूंनी फळ्यांनी बंद व अंधारा असावा आणि दुसरा जाळीचा असावा. भिऊन लपण्यासाठी पहिला, हवेसाठी दुसरा. घर जमिनीपासून सुमारे ३ फूट उंच पायांवर उभे करावे, म्हणजे ओल लागत नाही व सापाकिरड्यांचे भय कमी होते. नुसत्या तारेच्या तळावर सशाच्या पायांना जखमा होतात. म्हणून तळाला फळी आणि तीवर वाळल्या गवताचा जाड थर असावा. छपरास पत्रा असल्यास त्यावर उसाच्या पाचटाचा अथवा कडब्याचा थर द्यावा. दुधादुभत्याच्या कपाटाचे पाय मुंग्यांसाठी जसे पाण्याच्या वाट्यांत ठेवितात, तसेच ह्या घराचेही ठेवावेत. कारण नवजात पिलांना मुंग्या डसून मारतात.

जाळीच्या निवडीत पुष्कळांची फसगत होते. कोंबड्यांसाठी वापरावयाची षटकोनी छिद्रांची पातळ जाळी ही कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून केलेली असते. कुत्रा आत येऊ नये म्हणून नव्हे. भुकेला कुत्रा ती दातांनी फाडतो. म्हणून अर्ध्या इंचाच्या चौकोनी घरांची, सांधे जोडलेली, जाड तारेची जाळी घ्यावी. दाराला सुतळी न बांधता पक्की कडी लावावी. मोकळे फिरण्यासाठी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे जाळीचे आवार करावे व ते वरूनही झाकावे. ससा जातीचाच खणणारा असल्यामुळे आवाराच्या कडेने जाळी दीड फूट खोल पुरावी; नाही तर एका रात्रीत तो बाहेर निघेल, अथवा बाहेरचा कोणी आत येईल.

बाहेरचे येणारे पुष्कळ आहेत. भटकी कुत्री व बोके, मुंगूस, धामण व नाग, वरून घार आणि लहान पिलांच्या बाबतीत कावळाही. तथापि ह्या साऱ्यांहून विलक्षण अशी एक गोष्ट आहे. शत्रूचा स्पर्शही न होता ससा केवळ भयाने मरू शकतो. रात्री कुत्र्यांनी पिंजऱ्याभोवती धिंगाणा घातला, जाळी मात्र शाबूत राहिली, आणि तरीही सकाळी ससा मृत आढळला, असे घडते. म्हणून नुसते मजबूत कुंपण पुरेसे नाही. शत्रूला जवळ येऊ न देणे आणि सशाला दृष्टीआड लपावयास जागा देणे हेही तितकेच आवश्यक आहे. सायंकाळ होताच त्याला बंद घरात घालून कडी लावावी. संकटाची चाहूल लागली म्हणजे ससा मागचा पाय जमिनीवर जोराने आपटतो. रात्री तो आवाज ऐकू आल्यास उठून पाहावे. दिवाळीत तर फटाक्यांपासून दूर, घराच्या आतील खोलीतच त्याची सोय करावी.

थंडी सशाला विशेष बाधत नाही. ओल आणि झोत मात्र बाधतात. पावसाळ्यात अंथरलेले गवत भिजून कुजते, विष्ठा साचते आणि त्या दुर्गंधीने माश्या येतात. ह्या माश्या सशाच्या मागील भागावरील मळलेल्या केसांत अंडी घालतात. त्यांतून दिवसाच्या आतच अळ्या निघतात आणि त्या जिवंत प्राण्याचे मांस पोखरू लागतात. पावसाळ्यात घर रोज स्वच्छ करणे आणि सशाचा मागील भाग रोज दोनदा पाहणे ह्यावाचून त्यावर दुसरा खात्रीचा उपाय नाही.

चित्रांतील ससा नेहमी गाजर खाताना दाखवितात. परंतु सशाचे खरे अन्न गवत आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. गवत नसेल तर दात वेडेवाकडे वाढून तोंडात जखमा होतात आणि अन्नाच्या राशीपुढे बसून ससा उपाशी मरतो. म्हणून ताजी हरळी व वाळलेले गवत त्याच्यापुढे अष्टौप्रहर असावे. मेथी, कोथिंबीर अशी पालेभाजी थोडी द्यावी. गाजराचा तुकडा हा केवळ खाऊ समजावा. कोवळी ज्वारी गुरांप्रमाणे सशालाही विषारी आहे. कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब, कण्हेर, रुई व धोतरा त्याला कधीही देऊ नयेत. सोयाबीन अथवा भाजीपाला ह्यांच्या फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे गवत आणू नये. बिस्किटे आणि भाकरीचे तुकडे मुले प्रेमाने घालतात, पण त्यांनी सशाचे पोट बिघडते. पाणी जड मातीच्या भांड्यात ठेवून दिवसातून दोनदा बदलावे.

सशाच्या पचनाची एक नवलाची रीत आहे. गवत एकदा पचविल्यावर तो मऊ गोळ्यांच्या रूपाने ते बाहेर टाकतो आणि त्याच गोळ्या पुन्हा खातो; त्यांतून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. पाहणाऱ्याला हे किळसवाणे वाटले, तरी गाय जसा रवंथ करते तशीच ही क्रिया आहे. ती थांबवू नये. सशाची आतडी सतत चालू राहिली पाहिजेत. अर्धा दिवस त्याने काही खाल्ले नाही, अथवा लेंड्या पडणे थांबले, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. घरातील औषधे त्याला देऊ नयेत. माणसांस जीवदान देणारे पेनिसिलीन सशाला तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यांतील उपकारक जंतू मरतात आणि त्यापायी ससाही मरतो. कुत्र्यांच्या गोचिडांवर लावावयाची काही औषधेही त्याला मारक ठरतात.

सशाला कानांना धरून उचलण्याची वाईट चाल आहे. त्याने त्याला अतिशय वेदना होतात. एक हात छातीखाली आणि दुसरा मागील पायांखाली देऊन त्याला अंगाशी धरावे. मागील पाय लोंबकळत राहिले तर तो इतक्या जोराने लाथ झाडतो की, त्याचाच कणा मोडतो. लहान मुलांनी त्याला उचलण्याऐवजी जमिनीवर बसून जवळ येऊ द्यावे. एकटा ससा उदास होतो. म्हणून दोन असावेत. परंतु नर व मादी एकत्र ठेवू नयेत. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे ३१ दिवसांत ती विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात घर भरून जाईल एवढी पिले होतात आणि मग त्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहतो.

तो प्रश्न सोडविण्याचा सर्वांत वाईट मार्ग म्हणजे त्यांना माळावर सोडून देणे. पांढरा रंग आणि शत्रूची अनोळख ह्यांमुळे तो प्राणी तेथे फार काळ जगत नाही. आणि कोठे जगलाच तर अनर्थ करतो. १८५९ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर सुमारे २४ ससे सोडले. पुढील काही दशकांत त्यांच्या वंशजांनी त्या खंडाची कुरणे उजाड केली. त्यांना अडविण्यासाठी १९०१ ते १९०७ ह्या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात शेकडो कोस लांबीची कुंपणे घालावी लागली आणि तरीही ससे पलीकडे गेलेच. एका माणसाच्या क्षणिक हौसेचे मोल एका खंडाला द्यावे लागले.

तेव्हा ससा आणण्यापूर्वी हिशेब करावा. नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. सहावीत असताना आणलेला ससा तुम्ही महाविद्यालयात जाल तोपर्यंत तुमच्या अंगणात असेल. तुमच्या परीक्षेच्या दिवसांतही त्याला रोज गवत लागेल, लग्नकार्यासाठी गावाला गेलात तरी त्याला पाणी लागेल, आणि तितक्या साऱ्या वर्षांत तितकेच उन्हाळे येतील. ज्याला हे पेलणार नाही त्याने ससा न आणणे हीच सशावरील खरी माया होय.

कुत्रा दुखले तर केकाटतो, गाय हंबरते, मांजर ओरडून दूध मागते. ससा मात्र दुखणे लपवितो. दुबळा दिसणारा प्राणी शत्रूच्या नजरेस प्रथम पडतो, हे त्याच्या जातीला युगायुगांपासून ठाऊक आहे. म्हणून तो आजारी असला तरी शांत बसतो आणि आपल्याला वाटते की, तो सुखात आहे. जो प्राणी हाक मारू शकत नाही, त्याच्याकडे हाक न मारताच जावे लागते. सकाळी त्याचे गवत किती संपले, दुपारी सावली कोठवर सरकली, रात्री कडी लागली की नाही, एवढे रोज पाहणे हेच सशाचे पालन होय.